बाहेरची उत्तरं

बैठक आपल्याच खोलीत व्हायला पाहिजे हा हट्ट काकांचाच, आणि सगळे माझ्याच खोलीत येऊन का कडमडतात म्हणून सकाळपासून कुरकुरत होते तेही काकाच. वसाहतीचा पुढारी म्हटल्यावर माणसाला दोन्ही लागतं, मानही आणि तक्रारही. खोली काही ऐसपैस नव्हती. जंगलातून खाली आणलेल्या माणसांसाठी लाकूड डेपोने बांधलेल्या सगळ्या खोल्या एकाच साच्यातल्या: पुढे दार, एक खिडकी, मागे मोरी आणि मोरीमागे डेपोची उंच भिंत. भिंतीपलीकडची करवत सुट्टीला बंद असायची. त्या शांततेची कोणालाच सवय नव्हती, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी माणसं उगाच मोठ्याने बोलायची.

शेगडीवर कोंबडी शिजत होती. वहिनी दवाखान्यात नर्स. तिला सुट्टी मिळायची क्वचित, आणि मिळाली की ती अशी दुसऱ्यांच्या बैठकीत जायची. झाकण उचलता उचलता ती नणंदेकडे बघत होती. नणंद आल्यापासून तिने सतरंजी झटकली होती, आत्याच्या पाठीला उशी लावून दिली होती, काकांच्या पंख्याची लोंबणारी वायर गुंडाळून ठेवली होती, आणि एवढं सगळं करून ती विचारत होती, "मी कुठे बसू?"

घरातलं माणूस असं विचारत नाही, असं वहिनीच्या मनात आलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. बिचारी एवढा प्रवास करून आलेली.

"बसा की ताई कुठेही," ती म्हणाली. "तुम्हाला काय आमंत्रण द्यायचं?"

ताई म्हणजे खडू. लहानपणी शाळेतून खडूचे तुकडे लांबवायची आणि डेपोच्या भिंतीवर गिचमिड करायची, तेव्हापासून तिला हे नाव चिकटलेलं. आता ती विद्यापीठात होती. पूर्वी लोक बाहेरून यायचे आणि वसाहतीवर पुस्तकं लिहायचे. आता वसाहतीवरचं संशोधन वसाहतीतलीच मुलगी चालवत होती आणि तिच्या हाताखाली दोन पदवीधर होते. काकांची ही गोष्ट ओळखीच्या आणि अनोळखी अशा सगळ्यांना सांगून झाली होती. पण वसाहतीत ती खडूच.

ती दाराजवळ बसली. पलीकडे तिचा धाकटा भाऊ, वहिनीचा नवरा, डेपोत ट्रक चालवणारा, सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणायचे. भिंतीला टेकून आत्या. आईच्या माघारी या दोघा भावंडांना आत्यानेच वाढवलं. स्वतःचं लग्न, मूलबाळ काही झालं नाही. विचारलं तर म्हणायची, सवड कुणाला होती.

"सोमवारी सुनावणी आहे," खडूने सुरुवात केली. "जंगल खात्याने आपला अर्ज नाकारायचं ठरवलंय. वरचा उतार आपला नाही म्हणतात. कंद काढायला आपण तिथे कधी जातच नव्हतो म्हणे. त्यामुळे सोमवारनंतर वर फाटक बसणार आणि उतार डेपोला तोडायला देणार."

"जात नव्हतो?" ड्रायव्हर म्हणाला. "मग आत्या इतकी वर्षं पहाटे उठून जाते कुठे, सिनेमाला?"

"ओढ्याकाठी जाते. पौर्णिमेला."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकं म्हणतात. तीन पुस्तकांतले उतारे जोडलेत त्यांनी. कंद ओढ्याकाठी सापडतो, पौर्णिमेला खणतात, आधी जमिनीची माफी मागतात. वरच्या उतारावर देवाचे दगड आहेत, तिथे ही माणसं पाऊलही ठेवत नाहीत."

काकांनी एकदा आत्याकडे पाहिलं. मग काकांच्या पोटातून हसू आलं आणि ते आवरेना. ड्रायव्हर हसला, शेगडीजवळून वहिनी हसली, आत्याच्याही ओठाचा कोपरा हलला. आणि खडू, जी सहा तास एसटीत बसून मनातल्या मनात हे सगळं घोकत आली होती, तीही हसली. त्या घटकेला तिला वाटलं, आलो बाई आपण घरी.

हसण्यासारखंच होतं ते. आजोबांच्या काळात एक अभ्यासक वसाहतीत, म्हणजे तेव्हाच्या झोपड्यांत, अख्खा मोसम राहून गेला होता. गोड माणूस. आजोबांनी त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळला, पलीकडच्या टेकडीवरचे कंद स्वतः नेऊन दाखवले, तापावर कसे उगाळायचे ते शिकवलं. त्याने सगळं छान लिहून काढलं. त्याचं लिहिलेलं वाचून पुढे ट्रक आले आणि टेकडी खरवडून गेले. तिथे पुन्हा कंद उगवला नाही. तो अभ्यासक काही लबाड नव्हता. त्याने रडत रडत पत्रही पाठवलं होतं म्हणतात. पण आजोबांनी तेव्हापासून बाहेरची उत्तरं तयार केली. कोणी लिहायला बसलं की ही सांगायची. पोरांना पाढ्यांसारखी पाठ करून घेतली. पौर्णिमा ही तर आजोबांची खास कमाल. ती ऐकली की पाहुण्याचा चेहरा असा उजळायचा की त्याला पुढचं काही विचारायचं सुचायचं नाही.

"आणि ते गाणं," ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला. "काका, गाणं आहे का त्यात?"

"आहे," खडू म्हणाली. "अतिप्राचीन खननगीत म्हणून. दोन पानं चर्चा आहे त्याच्या लयीवर."

"डेपोच्या पंपाची लय ती," काका म्हणाले. "चौदा वर्षांचा होतो मी. पंप धाड धाड करायचा, त्यावर जुळवलं." ते अजून हसत होते, पण आता जरा सांभाळून. कारण हे गाणं काका अलीकडे स्टेजवर म्हणायचे. जिल्ह्याला, राजधानीला, कुठे उद्घाटन असलं की वसाहतीतले ज्येष्ठ म्हणून त्यांना बोलावणं यायचं, पुढच्या रांगेत खुर्ची असायची. बायको गेल्यापासून काकांना त्या खुर्चीचाच काय तो आधार होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"मला हे सगळं खोटं होतं असं लिहून द्यावं लागेल," खडू म्हणाली. "का सांगितलं, ते पण. आणि त्याला तुम्ही सगळ्यांनी हो म्हणायला हवं."

हसणं थांबलं.

"म्हणजे आपला बाप खोटारडा होता असं छापायचं," काका म्हणाले.

"आजोबा शहाणे होते असं छापायचं."

"तू शब्द फिरवू नकोस. तुमच्याकडे शब्द फार असतात."

"तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे, काका?"

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ड्रायव्हर सतरंजीचा दोरा ओढत होता. काल त्यानेच बहिणीला फोनवर सांगितलं होतं, ताई, तू ये, मी आहे तुझ्या बाजूने. पण काल त्याला बाजू कोणती ते माहीत नव्हतं.

"ताई, राग मानू नकोस," तो म्हणाला. "पण आपण एकदा खोटं बोललो हे आपणच सांगितलं, तर आता जे खरं सांगू ते कोण खरं धरणार? साहेब विचारेल, तेव्हा ट्रकच्या भीतीने खोटं बोललात, आता जमिनीच्या लोभाने बोलताय कशावरून नाही? मी साहेब असतो तर हेच विचारलं असतं."

"मग काय करूया? गप्प बसूया?" वहिनी शेगडीजवळून म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. "मूग गिळून बसायचं आणि फाटक लागलं की आत्यांना डेपोत भुसा भरायला पाठवायचं?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"तेच म्हटलंस. फक्त सभ्यपणे."

ड्रायव्हरने काकांकडे पाहिलं. एरवी काकांशी त्याचं विळ्याभोपळ्याचं नातं, पण आज दोघे एकमेकांच्या जवळ सरकून बसले होते. वहिनीने हे पाहिलं आणि झाकण जरा जोरातच ठेवलं.

"तू कशाला विचारतेस आम्हाला?" काका म्हणाले. "मोठी बाई आहेस. दे लिहून."

"नाही देता येत. वसाहतीने हो म्हटल्याशिवाय एक ओळ बाहेर जाणार नाही, हा माझाच नियम आहे."

खरं होतं ते. या नियमासाठी तिने विद्यापीठात वर्षभर वैर घेतलं होतं. तिचे वरिष्ठ परवा म्हणाले होते, अहो, पाठवून द्या, होकार काय नंतर घेता येईल, तुमचीच तर माणसं आहेत. ती म्हणाली होती, माझी आहेत म्हणूनच. त्यानंतर चहाच्या टेबलावर तिच्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असायची. तिकडे ती वसाहतीची होती. इकडे आली की तुमच्याकडे शब्द फार असतात. कोणाला सांगावं हे, आणि कोणत्या तोंडाने? इतकी वर्षं शिकून तिने जी जागा मिळवली होती, तिथे तिच्या सोबत उभं राहायला कोणीच नव्हतं.

"भाऊ म्हणतो ते बरोबर आहे," ती म्हणाली. "नुसत्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. जमिनीवर दिसेल असा पुरावा हवा. वर कुठे खणतात, कसं खणतात. मला ते माहीत नाही." ती थांबली. "आत्याला माहीत आहे."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या उशी काढून मांडीवर घेऊन बसली होती.

खडूने पिशवीतून छोटा रेकॉर्डर काढला, मध्ये ठेवला, बटण दाबलं. मग सवयीने, जसं प्रत्येक घरी म्हणायची तसं, एका दमात म्हणाली: नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, नको वाटेल तिथे थांबा, सांगितलेलं परत घेता येईल, तुमची परवानगी आहे ना. तिचे पदवीधर हे वाक्य असंच पाठ म्हणायचे.

आत्याने त्या लाल दिव्याकडे पाहिलं. पोरीचा आवाज चांगला आहे, असं तिला वाटलं. स्पष्ट, न घाबरलेला. वसतिगृहात पाठवताना दाराला धरून किंचाळत होती तीच ही. तो दरवाजा सोडवताना बोटं एकेक करून आत्यानेच उचलली होती. त्या दिवसानंतर घरात रात्री कोणी गोष्ट सांग म्हणालं नाही. ड्रायव्हर लहान होता, लगेच झोपायचा. आत्या जागी असायची.

"हो, परवानगी आहे," आत्या म्हणाली. मग मान थोडी तिरकी करून, हेल काढत तिने सांगायला सुरुवात केली. "कंद ओढ्याकाठी सापडतो. पौर्णिमेला खणतो आम्ही. आधी जमिनीची माफी मागतो. वरच्या उतारावर देवाचे दगड आहेत, तिथे आम्ही पाऊल ठेवत नाही."

कोणी हसलं नाही. काकासुद्धा.

खडूने रेकॉर्डरवरून नजर उचलली. हा हेल तिला माहीत होता. लहानपणी याच आत्याच्या पाठीमागे उभं राहून, हसू दाबायला ओठ चावत, तिने तो कितीदा ऐकला होता. तेव्हा समोर नेहमी कोणीतरी दुसरं असायचं.

तिने बटण बंद केलं. "आत्या, जरा मागे येतेस?"

मोरीमागे, भिंतीलगत, माणूस तिरकं होऊन उभं राहील एवढीच जागा होती.

"मला पण?" खडू म्हणाली.

"बटण दाबणाऱ्याला हीच उत्तरं असतात. मी नवीन काय केलं?"

"मी परकी आहे का?"

आत्याने लगेच नाही म्हटलं असतं तर खडूला ते खोटं वाटलं असतं, तरी चाललं असतं. पण आत्या विचार करू लागली.

"मला सांगता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "खणायच्या जागा मुलींना मोठ्या झाल्यावर दाखवतात. तू मोठी झालीस तिकडे. यात तुझी चूक नाही, पाठवलं मीच. पण तुझ्याबरोबरच्या मुली आता बायका झाल्या, माझ्याबरोबर वर येतात, आणि तू सुट्टीत येतेस तेव्हा त्या तुझ्याशी हवापाण्याचं बोलतात. बोलतात ना?"

"बोलतात."

"वर तुझ्या आईचे दगड आहेत," आत्या म्हणाली.

खडूने मान वर केली. आईचं नाव घरात फारसं निघायचं नाही.

"कंद सबंध काढत नाहीत. वरचा डोळा तेवढा कापून परत मातीत ठेवायचा, माती दाबायची आणि वर चपटा दगड. नाहीतर रानडुकरं उकरतात. पुढच्या खेपेला दगड सरकवला की खाली नवा कंद तयार. ज्या बाईचा दगड तिची जागा. असे चपटे दगड वर मिळत नाहीत, सगळे ओढ्यातून निवडून चढवलेले. तुझी आई तर पोटुशी असताना चढवायची, तू पोटात असताना, ओरडायचे मी तिच्यावर. ती वारल्यावर तिच्या जागा मीच राखल्या. तुझ्यासाठी."

"सगळे ओढ्यातले?" खडू म्हणाली. "वर तसला एकही दगड आपोआप नसतो? मग किती असतील, आत्या? शेकडो? त्यांची झीज मोजता येते, कधीपासून तिथे आहेत ते काढता येतं. हाच पुरावा आहे. याला कोणी खोटं म्हणू शकणार नाही."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. आत्या तिला आईबद्दल सांगत होती, आणि तिने पुरावा ऐकला होता. आत्याच्याही ते लक्षात आलं होतं. तिने नजर भिंतीकडे वळवली होती.

"आत्या, तसं नाही."

"असू दे. तुझं कामच आहे ते." आत्याचा आवाज मऊ होता, त्यानेच खडूला जास्त लागलं. "मी काय म्हणते ऐक. उन्हं उतरली की तुला एकटीला वर नेते. आईचे दगड दाखवते. त्या जागा तुझ्या. पण मग ते तुझ्या पोटात राहायचं, बाकीच्या बायका राखतात तसं. नाहीतर आत चल, त्या यंत्रात सगळं सांगते. मग ते नकाशावर जाईल, साहेब बघेल, तुझी पोरं मोजतील. उतार वाचेल कदाचित. पण मग तुझ्या आईचं आणि तुझं असं वेगळं काही राहणार नाही. आणि जागा कागदावर घालणाऱ्या बाईला पुढे कोणी काही सांगायचं नाही. मी कितीही रदबदली केली तरी."

"दोन्ही नाही का जमणार?"

"जमत असतं तर मी इतकी वर्षं तुझी वाट कशाला बघत बसले असते? केव्हाच त्या यंत्रात सांगितलं नसतं का?"

भिंतीपलीकडे कोणीतरी रिकामा ट्रक सुरू करून बंद केला. खडूला वर जायचं होतं. आत्ता, या पावली, चप्पल न घालता. तिला आईच्या हाताने ठेवलेला एक दगड हातात धरायचा होता आणि त्याबद्दल जन्मभर कोणाला काही सांगायचं नव्हतं. इतकी ओढ तिला कशाचीच कधी वाटली नव्हती. पण फाटक लागलं की दगड ट्रकखाली जाणार होते, आईचे आणि सगळ्यांचे, आणि आत्या पहाटे उठून कुठेच जाणार नव्हती.

"आत चल," ती म्हणाली.

आत्याने मान डोलावली. तिला दुसरं काही ऐकायची आशा होती का, हे तिलाही नीट ठाऊक नव्हतं. पोरीला शहाणी करायला पाठवलं होतं, ती शहाणी झाली होती, आता कोणाच्या नावाने बोटं मोडणार?

खोलीत काका त्यांची वाट बघत उभे होते. पाच-दहा मिनिटं त्यांना ड्रायव्हर आणि वहिनी दोघांनी दोन्हीकडून बोलून घेतलं असावं, कारण ड्रायव्हर आता बायकोच्या बाजूला उभा होता आणि काका एकटेच खिडकीशी.

"लिही," काका म्हणाले. "गाणं मी रचलं, पंपाच्या ठेक्यावर, ते पण लिही. माझ्या नावासकट. अर्धवट लिहू नकोस."

"काका, आता ते तुम्हाला बोलावणार नाहीत."

"नाही बोलावणार." ते खुर्चीत बसले. "गुडघे तसेही दुखतात माझे."

मग आत्याने सांगितलं. हेल न काढता, हातांनी जमीन दाखवत, मध्येच थांबत. कोणत्या खडकाखाली, कुठल्या पानांनी ओळखायचं, डोळा किती राखायचा, कोणाचे दगड कुठून कुठवर. ड्रायव्हरला यातलं काही माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं हे त्याला आत्ताच कळत होतं. खडू मधून मधून नेमकं विचारत होती, आणि तिचा आवाज एकदाही हलला नाही.

"कड्याजवळचे माझ्या भावजयीचे," आत्या म्हणाली. "ती नाही आता. तिला एक मुलगी आहे, पण ती इथे राहत नाही."

"त्या जागा सध्या कोण राखतं?" खडूने विचारलं.

"मीच."

सगळं सांगून झालं तेव्हा खिडकीतली उन्हं काकांच्या पायांपर्यंत आली होती. सगळ्यांनी एकेक करून हो म्हटलं, काकांनी पुढारी म्हणून वसाहतीच्या वतीनेही. खडूने आभार मानले. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसली, तिच्याकडे आता राखायला काही उरलं नसल्यासारखी.

वहिनीने घाईघाईने स्टूल पुसलं आणि खडूसमोर ठेवलं. त्यावर ताट आणून ठेवलं, कोंबडीचे चांगले तुकडे निवडून वाढलेलं. ती मनापासून वाढत होती, तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

"तुमची ताटं?" खडू म्हणाली. "सगळे मिळून बसूया ना."

"आमचं होईल मागाहून, ताई. तुम्हाला शेवटची गाडी गाठायचीय."

ड्रायव्हरने पंखा तिच्या बाजूला फिरवला. काकांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग सगळे आपापल्या जागी बसून राहिले, तिला काही कमी पडतंय का ते बघत.

खडूने पहिला घास घेतला.

"छान झालीय," ती म्हणाली.

"पोटभर जेवा हं," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "लाजू नका."